हरकत नाही

नाना गेले ते जानेवारी 2024 मध्ये. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले आणि दोन दिवसांनी थोरला भाऊ म्हणाला, "आता भाऊसाहेबांकडं जावं लागंल." भाऊसाहेब म्हणजे तलाठी. त्याच वर्षी सरकारने तलाठ्याचं नामांतर करून 'ग्राम महसूल अधिकारी' असं लांबलचक नाव दिलं, पण आमच्याकडे तो भाऊसाहेब होता आणि भाऊसाहेबच राहिला.

काम साधं होतं. सातबाऱ्यावर नानांचं नाव होतं, तिथे आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण यांची नावं लागायची. वारस नोंद. भांडण नाही, सावकार नाही, दुसरं लग्न नाही, दत्तक नाही. गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी नानांची मुलं कोण ते त्याने सांगितलं असतं. पण गावाला माहीत असणं वेगळं आणि कागदाला माहीत असणं वेगळं. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला. बहिणीचं प्रकरण आणखी अवघड. तिचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, म्हणून या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करणं आलं. ती म्हणाली, "मलाच कधीकधी शंका येते."

मग नोटीस लागली. ज्या कोणाची या नोंदीस हरकत असेल त्याने पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. चावडीच्या फळ्यासमोर उभा राहून मी ती दोनदा वाचली. मी माझ्या बापाचा मुलगा आहे, याला कुणाची हरकत आहे का, असं जाहीर विचारलं जात होतं. पंधरा दिवस गेले, कुणाची हरकत आली नाही. तरी नोंद होईना, कारण ती मंजूर करायची मंडळ अधिकाऱ्याने, आणि मंडळ अधिकारी सापडायचा नाही. आधी तो मराठा सर्वेक्षणाच्या मागे होता, मग लोकसभेच्या निवडणुकीत, मग पंचनाम्यांत, मग लाडक्या बहिणींच्या अर्जांत. भाऊसाहेबांकडे स्वतःच्या सजाशिवाय, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीशिवाय, आणखी दोन गावांचा जादा भार. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असं आपण म्हणतो. आमच्या कामाला साडेसात लागले.

इथे वाचक लाचेची वाट बघत असेल. तर कुणी एक रुपया मागितला नाही. भाऊसाहेब भला माणूस होता. उन्हातून गेलो की माठातलं पाणी द्यायचा, "तुमचं काम माझ्या ध्यानात आहे" म्हणायचा आणि ते खरोखर त्याच्या ध्यानात असायचं. मला नेमकं हेच खटकत राहिलं. कुणी खाल्ले असते, तर खाणाऱ्याला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. इथे सगळे सज्जन होते, सगळे दमलेले होते, कुणाचीच हरकत नव्हती, आणि तरी साडेसात महिने आम्ही आमच्याच शेताचे कुणी नव्हतो.

हरकत हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसला आहे. मूळ अरबी, अर्थ हालचाल. हिंदीत गेला आणि त्याची खोडी झाली. मराठीत आला आणि त्याचा नेमका उलटा अर्थ झाला: हालचालीला आडवा येणारा अडथळा. फक्त आपल्या गवयांनी तो जुना अर्थ जपला. सरळ चाललेल्या सुरात गळ्यातून निघालेली एक छोटी, न ठरवलेली वळणाची जागा, तिला ते हरकत म्हणतात आणि ऐकणारे वा म्हणतात. म्हणजे मैफलीत हरकत घेतली तर दाद मिळते, कचेरीत घेतली तर फाईल थांबते.

आणि घरात? घरात हा शब्द नेहमी 'नाही'चा हात धरून येतो. उशीर झाला, हरकत नाही. साखर कमी पडली, हरकत नाही. पाहुणे चार सांगून सात आले, हरकत नाही, पिठलं वाढवू. मराठी माणसाच्या तोंडी याच्याइतके उदार दोन शब्द क्वचितच असतील. तेच दोन शब्द उलटे करून सरकारने त्यांचं प्रमाणपत्र केलं: ना-हरकत. घर बांधायचं, ना-हरकत. विहीर खोदायची, ना-हरकत. मंडप घालायचा, स्पीकर लावायचा, पासपोर्ट काढायचा, नोकरी बदलायची, ना-हरकत. या कागदातली खरी मेख अशी की तो दिला जातो म्हणजे मुळात हरकत होती, हे गृहीत आहे. काहीच कारण नसताना, तुमची ओळखही नसताना, कुणाची तरी तुमच्या जगण्याला आधीपासून हरकत आहे. ती तात्पुरती मागे घेतल्याबद्दल शुल्क भरायचं.

कॉलेजात असताना मी गुणपत्रिकेच्या सत्यप्रती साक्षांकित करायला राजपत्रित अधिकारी शोधत हिंडायचो. जो मला ओळखत नाही, माझ्या बोर्डाला ओळखत नाही, तो माझी झेरॉक्स खरी आहे असं सही करून सांगणार. मूळ प्रत तो बघायचाही नाही. तहसीलजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे तर सही-शिक्क्यासकट व्यवस्था होती, प्रतीमागे दोन रुपये जास्त. 2014-15 च्या सुमारास हे बहुतेक सगळं गेलं. आता आपणच सही करायची, स्वयंसाक्षांकित. आभाळ कोसळलं नाही, देशात खोट्या गुणपत्रिकांचा पूर आला नाही. मला तेव्हापासून प्रश्न पडतो की अशा किती सह्या असतील, ज्या उद्या सकाळी बंद झाल्या तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही?

हा प्रश्न विचारायची खोड मला नानांनी लावली. नाना शेतकरी संघटनेचे पाईक होते. छातीवर लाल बिल्ला, तो धुतलेल्या सदऱ्यावर लावायचा राहिला तर परत घरात यायचे. संघटना उभारणारे शरद जोशी स्वित्झर्लंडच्या बर्नमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, ती स्वतः कसून बघितली, आणि त्या जमाखर्चातून जे निघालं ते 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या ऊस-कांदा आंदोलनात रस्त्यावर आलं. नाना तेव्हा पंचविशीत होते, रस्त्यावर बसले आणि पकडलेही गेले. तुरुंगातल्या दिवसांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. तिथल्या डाळीला मीठ नसायचं, एवढंच सांगायचे.

नानांनी ना मिल वाचला होता ना स्पेन्सर. उदारमतवाद हा शब्दही त्यांनी माझ्या तोंडून ऐकला आणि "म्हंजी उधारी का?" असं विचारलं. पण 'शेतकऱ्याचे मरण, हेच सरकारचे धोरण' ही घोषणा त्यांना घोषणा वाटायची नाही, हिशेब वाटायची. त्यांच्या तरुणपणी डावे म्हणत की सरकारने गरिबासाठी काहीतरी करावं. उजवे म्हणत की सरकारने देशासाठी काहीतरी करावं. जोशी म्हणत की सरकारने शेतकऱ्याला लुटायचं थांबवावं, बाकी काही नाही केलं तरी चालेल. 'भीक नको, हवे घामाचे दाम.' एवढ्या कमी मागणीने सरकार एवढं का चिडतं, हे नानांना मरेपर्यंत उलगडलं नाही.

या मागणीच्या मुळाशी कांदा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत इंग्रजांनी अन्नधान्यावर नियंत्रणं आणली. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्यांचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. इंग्रज गेले, आणि 1955 मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा आला तेव्हा 'तात्पुरते' हा शब्द तेवढा गळाला. साठा किती ठेवायचा, कुठे न्यायचा, कितीला विकायचा, यात केव्हाही हात घालायची मुभा सरकारकडे राहिली. निर्यातीचा कायदा वेगळा, पण हात तोच. शहरात कांदा महागला की बंदी. सप्टेंबर 2019 मध्ये बंदी, सप्टेंबर 2020 मध्ये बंदी, ऑगस्ट 2023 मध्ये चाळीस टक्के शुल्क, आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरला पुन्हा बंदी.

डिसेंबरच्या बंदीचा अर्थ ज्याच्या घरी कांदा आहे त्यालाच कळतो. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत चार-सहा महिने टिकतो, भाव पडला तर दम धरता येतो. डिसेंबरात येतो तो लाल कांदा. त्याला टिकवणशक्ती नाही. आज काढला की आठवड्याभरात विकलाच पाहिजे, नाहीतर उकिरडा. म्हणजे दाराला कडी घालायला सरकारने दिवसही असा निवडला की आतल्या माणसाला थांबता येणार नाही. बंदी 31 मार्चपर्यंत सांगितली होती, ती पुढे ढकलली, आणि 4 मे 2024 ला निवडणुकीच्या ऐन धामधुमीत उठवली, तीही टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि चाळीस टक्के शुल्क यांची वेसण घालून.

डिसेंबरात बंदी आली तेव्हा नाना अंथरुणाला खिळले होते. भावाने ट्रॅक्टर बाजार समितीत नेला आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊन आला. हमाली, तोलाई, भाडं वजा जाता उरलं ते मजुरीलाही पुरत नव्हतं. उलटी पट्टी नव्हती एवढंच. उलटी पट्टी म्हणजे काय हे शहरातल्या मित्रांना मी नेहमी समजावून सांगतो आणि त्यांचा विश्वास बसत नाही: माल विकून खर्च वजा केल्यावर शेतकऱ्यानेच पदरचे पैसे द्यायचे राहतात, असा तो कागद. नानांनी पट्टी हातात घेतली, चष्मा नव्हता म्हणून नुसतीच धरून ठेवली आणि म्हणाले, "सडवायला तरी परवानगी लागत नाही ना अजून?"

जुन्या मराठीत अस्मानी आणि सुलतानी अशी जोडी आहे. आभाळातून येतं ते एक संकट, तख्तावरून येतं ते दुसरं. दोन्हींपुढे इलाज नाही, म्हणून दोन्ही एका दावणीला बांधलेली. ज्यांनी ही जोडी लावली ते कुणी अराजकवादी नव्हते, सारा भरणारी माणसं होती. गंमत अशी की तीच माणसं 'मायबाप सरकार'ही म्हणायची. मी आधी याला ढोंग समजायचो. आता वाटतं, गारपिटीला तरी आपण दुसरं काय म्हणतो? देवाची करणी.

आता नानांची एक गोष्ट लपवून चालणार नाही. 2008 ची कर्जमाफी आली तेव्हा नानांनी ती घेतली. संघटनेचा पाईक, भीक नको म्हणणारा, यादीत नाव आहे का बघायला गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीत दोनदा गेला. मी तेव्हा पुण्यात नवा नवा नोकरीला लागलो होतो आणि तत्त्वाच्या गोष्टी करण्याचं माझं वय होतं. फोनवर मी टोमणा मारला. नाना शांतपणे म्हणाले, "चोरानं पाकिटातले शंभरातले पाच परत केले, तर घेऊ नये का?" त्या दिवशी मी गप्प बसलो. नंतर मात्र लक्षात आलं की आमची बागायत पालखेडच्या कालव्यावर आहे. तो कालवा सरकारने खणला. मी शिकलो ती शाळा जिल्हा परिषदेची, गणवेश सोडला तर फुकट. या गोष्टी नानांच्या हिशेबात कुठल्या रकान्यात जात, ते मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय नाही.

मराठीत सरकार नसण्याला शब्द आहे अराजक. राजा नाही म्हणजे गोंधळ, हा निकाल भाषेनेच आधी देऊन टाकला आहे. विनोबांनी म्हणूनच तो शब्द टाळला असावा. ते शासनमुक्ती म्हणत. राजनीतीच्या जागी लोकनीती यावी, सत्तेची गरजच हळूहळू उरू नये, असं ते सांगत हिंडले, आणि 1951 पासून वर्षानुवर्षं पायी हिंडले. शासनाबद्दल इतका मूलभूत अविश्वास असलेला हा माणूस आणीबाणीत 'अनुशासन पर्व' असे शब्द देतो आणि ते शब्द सरकार भिंतींवर रंगवतं. त्यांना अभिप्रेत अर्थ निराळा होता, आचार्यांचं अनुशासन वेगळं आणि राज्यकर्त्यांचं शासन वेगळं, असं त्यांचे अनुयायी सांगतात. असेल. पण सरकारला शब्दाचा अर्थ नको असतो, शब्द पुरतो.

विनोबांचं जे थोडं पीक खरोखर हाताला लागलं, ते बघायला मी एकदा गडचिरोलीत गेलो होतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), पाचेकशे वस्तीचं गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. पाटी वाचून मला वाटलं होतं की बंडखोर गाव असेल. प्रत्यक्षात मी पाहिलेलं सगळ्यात सावकाश चालणारं गाव निघालं. इथे बहुमत चालत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय नाही. एकाचा जरी नकार असला तरी विषय पुढच्या बैठकीला. हा उद्योग इतका वेळखाऊ आहे की शहरातला माणूस अर्ध्या तासात उठून जाईल.

त्यांच्या भोवतीचं जंगल अठराशे हेक्टरच्या घरातलं. त्यातला बांबू कागद गिरणीला भाडेपट्ट्याने जायचा आणि गावाने टोपलीसाठी तोडला तर गुन्हा. बांबू हे गवत आहे, हे शाळेतलं पोर सांगेल. पण 1927 च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं, आणि झाड म्हटलं की ते वनखात्याचं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातलं, 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांत हे गाव. झालं? नाही झालं. बांबू गावाचा, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. मालकी तुमची, हालचालीला हरकत आमची. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः त्या एवढ्याशा गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गवताची मोळी रस्त्यावर आणायला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री लागले. सरकारी कायद्यात बांबू पुन्हा गवत व्हायला 2017 साल उजाडलं, तेही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं. जंगलातला बांबू अजून वन कायद्याखालीच आहे.

परत आल्यावर मी हे सगळं फार उत्साहाने एका जुन्या मित्राला सांगितलं. आम्ही एका वसतिगृहात होतो. तो मराठवाड्यातला, बौद्ध, आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या गावात आम्हीच सरकार, यातले आम्ही म्हणजे कोण?" मी म्हटलं, मेंढ्यात सगळे. तो म्हणाला, "मेंढ्यात सगळे गोंड. माझ्या गावात ये."

मग त्याने मला महाडचं सांगितलं. मला माहीत होतं ते, पण मी नीट जोडलं नव्हतं. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारची हरकत नव्हती. कागदावर ना-हरकत पुरी होती. हरकत गावाची होती. म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, आणि प्यायल्यावर गावाने लोकांना घरात शिरून मारलं. "सरकारनं छळलं तर अर्ज तरी करता येतो," मित्र म्हणाला. "गावानं छळलं तर अर्ज कुणाकडे? तुझ्या नानांना कांद्याचा भाव सरकारनं दिला नाही. माझ्या आजोबांना कांदा पेरायला जमीनच गावानं दिली नाही."

याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि ते माझ्याकडे आहे असा आव मी आणणार नाही. जातपंचायतीही सरकारशिवायच चालायच्या, अगदी सुरळीत. कुणाला वाळीत टाकायचं, कुणाला दंड, कुणाचं लग्न मोडायचं, सगळं शिक्क्याशिवाय. त्यांना आळा घालायला महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, आणि कायदा म्हणजे पुन्हा सरकार, फौजदार, पंचनामा. एवढं मात्र तेव्हापासून झालं की 'सरकार नको' असं कुणी म्हणालं की मी त्याच्या आडनावाकडे बघतो. ही सवय चांगली नाही, पण आहे.

नानांच्या खात्यावर मात्र याच बाबतीत एक जमेची नोंद आहे. संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वतःहून बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर जण करतील तिथे जोशी स्वतः येणार. सरकारने सांगितलेलं नाही, कायद्याची सक्ती नाही. नानांनी एक एकर आईच्या नावे केलं. गावात पुढे कित्येक दिवस चेष्टा झाली. साडेसात महिने आमची बाकीची जमीन कागदात लोंबकळत होती, तेव्हा तेवढा एक एकर कुणाच्या सहीसाठी थांबला नाही. आईने त्यावर खुशाल हरभरा केला. अर्थात तो एकर तिच्या नावे चढवतानाही तलाठ्याचीच नोंद लागली होती, हे आलंच.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल.

पुण्यात आमची चाळीस सदनिकांची सोसायटी आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीच उभं राहीना म्हणून मला सेक्रेटरी केलं. मी पहिल्याच सभेत भाषण ठोकलं की नियम कमीत कमी असतील, माणसांवर विश्वास ठेवू. टाळ्या पडल्या. पहिल्या महिन्यात कुणीतरी भाडेकरूंना कळवाकळव न करता ठेवलं, म्हणून फॉर्म आला. दुसऱ्या महिन्यात कुणाच्या तरी कुत्र्याने लिफ्टमध्ये घाण केली, म्हणून कुत्र्यांची नोंदवही आली. तिसऱ्या महिन्यात गच्चीवर मुलं सिगारेट ओढतात अशी तक्रार आली, आणि शिवाय टाकीचं झाकण उघडं सापडलं, म्हणून गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. प्रत्येक वेळी मीच ठराव लिहिला. चौथ्या महिन्यात मी अप्पा बळवंत चौकात जाऊन गोल रबरी शिक्का करून आणला, कारण शिक्क्याशिवाय लोक कागद गंभीरपणे घेत नव्हते.

सदनिका विकायला सोसायटीची ना-हरकत लागत नाही, असं आदर्श उपविधींत स्पष्ट छापलेलं आहे. मी ते विकणाऱ्या सभासदाला वाचूनही दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, लागत नाही हे मला माहितीये. पण बँकवाला मागतो. असू दे एक." मी शाई लावली आणि शिक्का उमटवला. खोटं कशाला बोलू, तो गोल उमटताना हाताला बरं वाटलं. नानांच्या बिल्ल्याएवढाच आहे तो, फक्त जांभळा.

गेल्या चैत्रात सकाळी सकाळी दारावरची बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात वाटी, तोंडावर अपराधी भाव. पलीकडच्या जुन्या वाड्यात होत्या तेव्हा चाळीस वर्षं त्या गच्चीवर कुरडया घालत आल्या, तिथे कुणाला विचारलं नाही.

"तीन दिवस गहू भिजत घातलेत," त्या म्हणाल्या. "उद्या चीक शिजवायचाय. दोन तास गच्ची मिळेल का? मी स्वतः राखत बसेन, टाकीकडे कुणाला जाऊ देणार नाही."

मला लाज वाटली. मी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "अहो काकू, विचारता काय? काही हरकत नाही."

त्यांनी किल्ली घेतली, पण हलल्या नाहीत. मग जरा पुढे वाकून, आवाज उतरवून म्हणाल्या, "तेवढं लिहून देता का? शिक्का मारून."